फाइव्ह स्टार घरच्यांनीच दिले: संडे रायली प्रकरण, लातूरच्या काउंटरवरून

संडे रायली हे एका बाईचं नाव आणि तिच्याच ब्रँडचंही नाव. टेक्सासमधल्या ह्यूस्टनची कंपनी, २००९ पासूनची, महागडं स्किनकेअर विकणारी. ह्यांचं सगळ्यात गाजलेलं प्रॉडक्ट म्हणजे गुड जीन्स, लॅक्टिक ॲसिडची ट्रीटमेंट, ३० मिलीची बाटली आणि ह्या प्रकरणाच्या वेळी किंमत शंभर डॉलरच्या पुढं, तेवढ्यात आमच्या लातूरला होस्टेलच्या पोरीचे मेसचे दोन महिने सहज निघतील.

२१ ऑक्टोबर २०१९ ला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक होते का हे बघणाऱ्या तिकडच्या सरकारी संस्थेनं, जाहीर केलं की ह्या कंपनीच्या मॅनेजर लोकांनी आणि खुद्द रायलीबाईंनी खोटी अकाउंट काढून सेफोराच्या वेबसाइटवर आपल्याच मालाचे रिव्ह्यू टाकले आणि स्टाफलाही टाकायला लावले. नोव्हेंबर २०१५ ते ऑगस्ट २०१७, जवळजवळ दोन वर्षं हे चालू होतं असा आरोप. सेफोरा कोण हे माहीत नसेल तर, जगभर ब्युटीची दुकानं असलेली मोठी चेन आहे, आणि तिच्या साइटवरचे रिव्ह्यू बघूनच तिकडच्या बाया वस्तू घेतात, आपल्याकडं नायका ॲपवर बघतेत तसंच.

मी लातूरला मेडिकल चालवते, सोबत कॉस्मेटिक्सचा काउंटर आहे, शिक्षण फार्मसीचं. ह्या प्रकरणावर सविस्तर लिहावं असं वाटलं कारण ह्याबद्दल जे काही बोललं जातं ते सगळं "खोटे रिव्ह्यू लिहिले" एवढ्यावरच थांबतं. माझ्या मते खोटं कौतुक हा ह्यातला लहान गुन्हा आहे. मोठा गुन्हा वेगळाच आहे आणि त्याच्यावर साधा आरोपसुद्धा ठेवला गेला नाही. त्यावर येते, आधी घडलं काय ते नीट बघू.

सुरुवातीला स्टाफनं रिव्ह्यू टाकले, ते सेफोरानं काढून टाकले. कंपनीतल्या लोकांना शंका आली की सगळे रिव्ह्यू एकाच ऑफिसच्या आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, जात आहेत म्हणून पकडले जात आहेत. इथं एखादी कंपनी थांबली असती, म्हणजे थांबायला हा चांगला टप्पा होता, कोणी ओरडलं नव्हतं, दंड नव्हता, गुपचूप सोडून देता आलं असतं. ह्यांनी काय केलं तर व्हीपीएन घेतलं, म्हणजे आपण कुठून लिहितोय हेच कळू नये अशी सोय. आणि मग जुलै २०१६ मध्ये, कमिशनच्या तक्रारीत लिहिल्याप्रमाणं, रायलीबाईंनी स्वतः स्टाफला मेल केला: प्रत्येकानं सेफोरावर तीन अकाउंट काढायचे, तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या नावानं. अकाउंट कसं काढायचं, व्हीपीएन कसं लावायचं, ह्याच्या पायरी पायरीनं सूचना. कोणत्या प्रॉडक्टवर जोर द्यायचा ते ठरवून दिलेलं. स्टार कायम पाचच द्यायचे. आणि वाईट रिव्ह्यू दिसला की त्याला डिसलाइक मारायचं, पुरेसे डिसलाइक पडले की तो रिव्ह्यू काढला जातो, आणि ह्याचा थेट फायदा विक्रीत होतो, असं त्यात पुढं दोन उद्गारचिन्हं देऊन लिहिलेलं.

ही दोन उद्गारचिन्हं मला फार बोलकी वाटतात. घाबरत घाबरत लपूनछपून केलेलं काम असं लिहिलं जात नाही, सेल्सची मीटिंग घेताना माणूस असं लिहितो.

प्रकरण बाहेर आलं ते ऑक्टोबर २०१८ मध्ये. स्वतःला कंपनीचा माजी कर्मचारी म्हणवणाऱ्या एका माणसानं आतला एक मेल रेडिट ह्या चर्चेच्या वेबसाइटवर टाकला. त्यात आणखी एक सूचना होती आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही: कुणी लिहिलं असेल की मला ह्यातलं अमुक आवडलं नाही, तर तुम्ही त्याच्या बरोबर उलटं लिहिणारा रिव्ह्यू टाका. लोक दुसरे काय म्हणतात ते बघतात, त्यांच्या मनातल्या शंकांची उत्तरं तिथं शोधतात, असंही त्याच मेलमध्ये लिहिलेलं. म्हणजे रिव्ह्यू कशासाठी असतो हे ह्यांना कुणाहीपेक्षा चांगलं समजलेलं होतं, फक्त ती समज कुठं वापरायची एवढाच प्रश्न.

कंपनीनं तेव्हा इन्स्टाग्रामवर कॉमेंट करून मेल खरा असल्याचं मान्य केलं. पण तो आता सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्यानं पाठवला होता, नवीन प्रॉडक्ट आलं तेव्हा आम्ही चांगले रिव्ह्यू टाकायला सांगितलं होतं, तेही स्वतःच्या अनुभवाला धरून, आणि प्रतिस्पर्धी मुद्दाम वाईट रिव्ह्यू टाकतात हेही त्याचं एक कारण, असं म्हणणं होतं. शिवाय जगभर आमचे लाखो रिव्ह्यू आहेत, त्यातला थोडासा हिस्सासुद्धा आम्ही लिहिणं शक्य नाही. ऐकायला बरं वाटतं. पण वर्षभरानं सरकारी तक्रार आली तिच्यात जुलै २०१६ चा मेल थेट मालकिणीच्या नावावर होता, आणि "स्वतःच्या अनुभवाला धरून" हे वाक्य एका माणसाच्या तीन वेगवेगळ्या ओळखींशी कसं जुळवायचं हे काही मला कळत नाही. तीन चेहरे असतात का एका बाईला लावायला?

आता आमच्या काउंटरवरचं सांगते, त्याशिवाय मुद्दा कळणार नाही. लातूरला नीटच्या क्लाससाठी पोरं-पोरी कुठून कुठून येतेत, सतरा-अठराचं वय, रात्रीचं जागरण, होस्टेलचं खारं पाणी, तोंडभर पुटकुळ्या. दुकानात आली की आधी मोबाईल पुढं करतेत. "मावशी, ह्याला फोर पॉइंट सिक्स हाय, हेच द्या." मी विचारते तुझी स्किन कशी आहे, आधी काय लावत होतीस, डॉक्टरचं काही चालू आहे का, तर उत्तर परत तेच, रेटिंग चांगलं आहे मावशी. गोलाईत, म्हणजे लातूरच्या बाजारपेठेत, लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बाया मात्र वेगळ्या. त्या रेटिंग बघत नाहीत, त्या शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईला विचारतेत, "तुम्हाला लागू पडलं का हो हे? काही झालं तर नाही ना?" आणि ती अनोळखी बाई खरं सांगते, कारण तिला काय पडलंय. मला ह्या बायांची पद्धत जास्त हुशारीची वाटते. त्या चांगलं काय झालं हे विचारतच नाहीत, वाईट काय झालं ते विचारतेत.

ह्याला कारण आहे. साडी हातात घेऊन बघता येते, तांदूळ चावून बघता येतो, पण सिरम लावलं की काय होणार हे दुकानात कळत नाही. वरच्या त्वचेचा थर बदलायलाच महिनाभर लागतो, वांगावर फरक दिसायला तर कित्येक महिने, आणि तोपर्यंत ऋतू बदललेला, साबण बदललेला, त्यामुळं गुण आला तो कशानं हे लावणारीलाही नक्की सांगता येत नाही. "मला खूप ग्लो आला" ह्या वाक्याची किंमत म्हणूनच कमी. पण "तिसऱ्या दिवशी गाल लाल झाले आणि आग झाली" हे वाक्य पक्कं असतं, तारखेसकट असतं, आणि त्याचा दुसऱ्याला उपयोग होतो. स्किनकेअरच्या रिव्ह्यूमध्ये जी काही खरी माहिती असते ती बहुतेक एक-दोन स्टारवाल्या रिव्ह्यूमध्ये असते. आणि ह्या कंपनीनं स्टाफला नेमकं त्याच रिव्ह्यूंवर सोडलं.

स्थळाच्या चौकशीला गेलो आणि गल्लीत ज्यानं मुलाची तारीफ केली तो मुलाचा सख्खा मामा निघाला तर आपण हसून सोडून देतो, मामा तारीफच करणार. पण जो शेजारी "पोरगा पितो" असं सांगणार होता त्यालाच त्या दिवशी गल्लीतून हाकलून दिलं असेल तर? इथं तसं झालं.

लॅक्टिक ॲसिडचंच बघा. वाईट औषध नाही, उलट चांगलं आहे, मृत पेशी निघतात, चेहरा उजळ दिसतो, डॉक्टरही सुचवतात. पण ही सगळी ॲसिडं, ज्यांना अल्फा हायड्रॉक्सी ॲसिड म्हणतात, त्वचेला उन्हासाठी नाजूक करतात. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे अन्न-औषधांवर नजर ठेवणाऱ्या तिकडच्या सरकारी संस्थेनं, २००५ मध्येच कंपन्यांना सांगितलं होतं की अशा कॉस्मेटिकवर उन्हाचा इशारा छापा, सनस्क्रीन वापरायला सांगा. आमच्या मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढं, दुपारी दीडला क्लास सुटतो, पोरगी स्कार्फ न बांधता स्कूटीवर निघते. तिनं रात्री ॲसिड लावलेलं असलं तर पुढं काय होतं ते मी काउंटरवर बघते, गालाच्या हाडावर काळपट पट्टा येतो, आणि तो गोरं व्हायला घेतलेल्या बाटलीनंच आलेला असतो. असं कुणाला झालं आणि तिनं जाऊन एक स्टार दिला, दोन ओळी लिहिल्या, तर त्या दोन ओळी पुढच्या पोरीसाठी लेबलपेक्षा जास्त कामाच्या. लेबल बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही. रिव्ह्यू वाचतेत. मी असं म्हणत नाही की ह्या कंपनीनं अमुक मुलीचा रिव्ह्यू उडवला, पण असे रिव्ह्यू उडावेत अशी व्यवस्था लावली होती हे मेलमध्येच आहे.

निकाल काय लागला तर, मोठं काही नाही. समझोता झाला. कंपनी आणि रायलीबाई दोघांवर ऑर्डर आली: इथून पुढं रिव्ह्यू लिहिणारा कोण आहे ह्याबद्दल खोटं भासवायचं नाही, कंपनीशी संबंध असेल तर स्पष्ट सांगायचं, स्टाफला हे नियम समजावून सांगायचे. पुढं मोडलं तर एकेका उल्लंघनाला ४२,५३० डॉलरपर्यंत दंड. आणि झालेल्याबद्दल? शून्य. दंड नाही, ग्राहकांना पैसे परत नाहीत, ज्यांनी ते रिव्ह्यू वाचून बाटल्या घेतल्या त्यांना कळवायचंसुद्धा नाही, चूक कबूल करायची पण नाही. कमिशनच्या पाच सदस्यांत ३ विरुद्ध २ असं मतदान झालं. विरोधात गेलेले दोघे म्हणजे रोहित चोप्रा आणि रेबेका स्लॉटर, त्यांनी लेखी म्हटलं की अशानं दुसऱ्या कुणाला जरब बसणार नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ऑर्डर पक्की झाली, पैशाचा विषय काही आला नाही.

दुसऱ्या बाजूनं बघायचं तर हिशोब खरंच अवघड आहे. दोन वर्षांत विकलेल्या बाटल्यांपैकी कोणती खोट्या रिव्ह्यूमुळं गेली आणि कोणती तशीही गेली असती हे कसं वेगळं काढणार, मलाही सांगता येत नाही. पण मग २०१९ च्याच फेब्रुवारीत वजन कमी करायच्या गार्सिनियाच्या गोळ्या विकणाऱ्या क्युअर एन्कॅप्सुलेशन्स नावाच्या कंपनीला अमेझॉनवर पैसे देऊन रिव्ह्यू लिहून घेतल्याबद्दल १.२८ कोटी डॉलरचा निकाल लागला, त्यातले ५० हजार भरले की बाकीचे तहकूब, पण खिशाला हात तर लावावा लागला. बारक्या गोळीवाल्याचे पैसे जातात आणि शंभर डॉलरची बाटली विकणारीला फक्त समज, हे मला तरी पटत नाही.

धंद्यावर काय परिणाम झाला म्हणाल तर २०१९ मध्ये, म्हणजे मेल फुटून लोकांनी नावं ठेवून झाल्यावर, युनायटेड एअरलाइन्सच्या महागड्या क्लासमधल्या प्रवाशांना संडे रायलीच्या क्रीमची किट मिळायला लागली. ब्रँड आजही आहे, सेफोरावर आहे, गुड जीन्स आहे.

हे असं का होतं ह्याचा मी बराच विचार केला. एक तर माल बरा होता. काउंटरवर ही गोष्ट सांगितली की समोरून हमखास येतं, "पण क्रीम तर चांगलंय ना ताई, मग काय बिघडलं?" आणि ज्या बाईला ते खरंच लागू पडलं तिला मी काय सांगणार, तिचा अनुभव तिच्या तोंडावर आहे. दुसरं, महाग वस्तूच्या बाबतीत माणूस स्वतःच वकील होतो. दीडशे रुपयांची ट्यूब खराब निघाली तर बाई दुकानात येऊन आदळते, माझं डोकं खाते, पण आठ हजारांची बाटली घेतलेली बाई "मला अजून फरक दिसला नाही" म्हणायलाही कचरते, कारण मग घरी काय सांगायचं. म्हणजे महाग ब्रँडबद्दल तक्रारी आधीच कमी येतात, ज्या येतात त्या करणाऱ्यानं मनाला बरंच समजावून झाल्यावर केलेल्या असतात, आणि त्यांनाच डिसलाइक!

तिसरं म्हणजे मालकिणीचं नाव. लक्झरी स्किनकेअरमध्ये हे फार चालतं, कारखाना दिसत नाही, केमिस्ट दिसत नाही, एक माणूस दिसतो, त्याची मुलाखत, त्याची गोष्ट. आपण बाटलीवर नाही तर बाईवर विश्वास ठेवतो. त्यात वाईट काही नाही, आमच्याकडंसुद्धा लोक मेडिकलचं नाव विसरतील पण "त्या ताईकडं जा" म्हणतील. पण मग जबाबदारीही त्या नावावर यायला पाहिजे, आणि इथं मेल फुटला तेव्हा कंपनीचं पहिलं उत्तर होतं की सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यानं पाठवला. नाव बाटलीवर मालकिणीचं, मेलवर मात्र नोकराचं. ह्या पूर्ण प्रकरणात मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर ह्याचा. त्या स्टाफमध्ये नवीन लागलेली पोरं-पोरी असतील, मालकीण स्वतः तीन अकाउंट काढ म्हणतेय तर नाही कोण म्हणणार? माझ्याकडं दोन मुली कामाला आहेत, मी उद्या म्हटलं की गूगलवर दुकानाला पाच स्टार द्या तर त्या दुपारच्या आत देतील आणि घरच्यांकडून पण देऊन घेतील. म्हणून मी ते म्हणायचंच नाही.

हसू नका, हे आपल्याकडं रोज चालतं. दुकानाच्या उद्घाटनाला पेढ्यासोबत "रिव्ह्यू टाका बरं का" सांगितलं जातं, पार्लरवाल्या फेशियल झाल्या झाल्या, तोंडावर क्रीम असतानाच मोबाईल हातात देतेत. एकानं तर मला सरळ सांगितलं, "लोक काय बी लिहूलालेत, मग आपण चांगलं लिहिलं तर काय बिघडलं." कायदा मात्र इकडंही आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे की विकणाऱ्यानं ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचा रिव्ह्यू टाकायचा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोचं ऑनलाइन रिव्ह्यूसाठी मानकही आलं, आयएस १९०००:२०२२, रिव्ह्यू गोळा कसे करायचे, तपासायचे कसे, छापायचे कसे असं सगळं त्यात आहे, फक्त ते आलं तेव्हा ऐच्छिक ठेवलं होतं, आणि ऐच्छिक म्हटल्यावर आपल्याकडं काय होतं ते सांगायला नको. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, परत केलं तर ५० लाखांपर्यंत. तक्रारीसाठी १९१५ नंबर आहे, लागतो, मराठीत बोलता येतं.

माझ्याकडं काउंटरखाली एक वही आहे. कोणी लावून त्रास झाला म्हणून परत आलं की प्रॉडक्ट, बॅच नंबर, किती दिवसांनी काय झालं, सोबत दुसरं काय लावत होती, एवढं लिहून ठेवते, नाव लिहीत नाही. नवीन गिऱ्हाईक तीच वस्तू मागायला आलं की ती वही उघडून दाखवते. डिस्ट्रिब्युटरचा माणूस ह्यावरून चिडतो, म्हणतो तुम्ही आमचा माल विकायला बसलाय की पाडायला. पण वहीत एकाच क्रीमच्या पुढं गालाची आग, गालाची आग असं सलग दिसलं की बाई आपणच म्हणते, राहू द्या, दुसरं दाखवा. आणि ज्या वस्तूच्या पुढं काहीच नाही ती बिनघोर नेते.

तिकडं पुढं काय झालं तेही सांगते. जानेवारी २०२२ मध्ये त्याच कमिशननं फॅशन नोव्हा ह्या कपड्यांच्या कंपनीकडून ४२ लाख डॉलरचा समझोता करून घेतला. आरोप असा की साइटवर चार आणि पाच स्टारवाले रिव्ह्यू आपोआप छापले जायचे आणि त्याच्या खालचे अडवून ठेवले जायचे. वाईट रिव्ह्यू लपवल्याची ही आपली पहिलीच केस, असं कमिशननं तेव्हा सांगितलं. म्हणजे संडे रायलीच्या वेळी डिसलाइकचा मजकूर तक्रारीत पुरावा म्हणून होता, बातम्यांमध्ये पण तेच वाक्य गाजलं, पण आरोप दोनच होते: रिव्ह्यू सामान्य ग्राहकांचे आहेत असं भासवलं, आणि लिहिणारे कंपनीचेच आहेत हे सांगितलं नाही. दोन्ही आरोप कौतुकाबद्दल. दाबलेल्या तक्रारींबद्दल एकही नाही.

मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये खोट्या रिव्ह्यूंवर पक्का नियम आला आणि २१ ऑक्टोबर २०२४ ला लागू झाला, संडे रायलीची केस जाहीर झाली त्याला बरोबर पाच वर्षं होत होती त्या दिवशी, योगायोगच म्हणायचा. आता तीच गोष्ट केली तर पहिल्याच वेळी एकेका उल्लंघनाला ५१,७४४ डॉलरपर्यंत (हा २०२४ चा आकडा) दंड लागू शकतो, समज देऊन सोडायची गरज नाही. मालकानं स्टाफकडून गुपचूप रिव्ह्यू मागणंही त्यात आलं. तक्रारी दाबण्याचा भागही आहे, पण तो धमक्या देऊन रिव्ह्यू काढायला लावण्याबद्दल आणि स्वतःच्याच साइटवर वाईट रिव्ह्यू लपवून हेच सगळे आहेत असं दाखवण्याबद्दल. दुसऱ्याच्या साइटवर तीन खोट्या नावांनी जाऊन एका खऱ्या बाईच्या तक्रारीला डिसलाइक मारणं ह्यातल्या कोणत्या रकान्यात बसवायचं हे मला तो वाचून अजून सापडलेलं नाही.